ड्रायव्हरला दाखवलेले डोंगर

आमच्या ड्रायव्हरला मी स्वित्झर्लंड दाखवायला नेलं होतं, हे विरारला बोळिंजच्या आमच्या सोसायटीत मी इतक्या जणांना सांगितलंय की हल्ली मी लिफ्टपाशी उभा दिसलो की लोक जिन्याने जातात. पण आजवर मी अर्धंच सांगत आलो. उरलेलं अर्धं सांगायचं तर माझी स्वतःची फजिती सांगावी लागते, आणि अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला दुसऱ्याची फजिती करायची सवय असते.

ड्रायव्हर म्हणजे माझा ड्रायव्हर. एसटीत आम्ही दोघांनी बावीस वर्षं एका गाडीवर काढली. ड्यूट्या बदलायच्या, मग आम्ही कुणाला चहा पाजायचो, कुणाला गळ घालायचो आणि अदलाबदल करून पुन्हा एकत्र यायचो. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून तो मला मास्तर म्हणतो. मी त्याला ड्रायव्हर म्हणतो. आमच्या दोघांच्या बायका आम्हाला ज्या नावांनी हाक मारतात ती नावं आम्ही एकमेकांसाठी कधी वापरली नाहीत. तो चिंचोटीकडचा, खाडीकाठी भात पिकवणाऱ्या घरातला. मी आगाशीकडच्या केळीच्या वाडीतला. मी तोंडाळ, तो घुम्या. मी पॅसेंजरवर ओरडायचो आणि तो आरशात बघून हसायचा.

आमची गाडी बरीच वर्षं जव्हार-मोखाड्यावरून नाशिकला जायची. वाटेत तोरंगणचा घाट लागतो. घाट लागला की ड्रायव्हरची पाठ ताठ व्हायची आणि तो एक शब्द बोलायचा नाही. वर पोचलो की मात्र दोन मिनिटं खुशीत असायचा. एका मुक्कामाच्या डेपोत, आम्ही झोपायचो त्या खोलीत, कुणीतरी जुनं कॅलेंडर लावलं होतं. त्यावर बर्फाच्या डोंगरातला रस्ता आणि त्या रस्त्यावर एक पिवळी बस. साल उलटलं, तारखा कुणीतरी फाडून नेल्या, पण चित्र तसंच राहिलं. ड्रायव्हर बनियनवर उभा राहून त्या चित्राकडे बघायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, ह्या वलनावर गाडी कशी घेत असंल रे तो?" बावीस वर्षांत त्याने स्वतःहून बोलून दाखवलेली इच्छा म्हणावी तर एवढीच. मी ती मनात पक्की करून ठेवली.

रिटायर झाल्यावर चार वर्षांनी त्याला लायसन्सचं नूतनीकरण करायचं होतं. तिथे डोळे तपासले आणि नकार आला. मग डॉक्टर, मग मोठा डॉक्टर. काचबिंदू निघाला. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं, की कडेचं आधी जातं आणि मधलं शेवटी. गेलेलं परत येणार नाही, आहे ते थेंबांवर जितकं टिकेल तितकं टिकवायचं. किती टिकेल असं मी विचारलं, तर ते म्हणाले, दोन वर्षं, तीन वर्षं, सांगता येत नाही.  बाहेर येऊन ड्रायव्हरने उसाचा रस मागवला आणि माझा ग्लासही त्यानेच संपवला.

त्याच दिवशी मी ठरवून टाकलं. ह्याचे डोळे जायच्या आत ह्याला तो घाट दाखवायचा. कॅलेंडरवरचा नाही, खरा. माझी मुलगी तिकडेच थून नावाच्या तलावाकाठच्या गावात एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. ती कधीची बोलावत होती आणि बायकोला विमानाची धास्ती म्हणून आमचं जाणं राहत होतं. मी मुलीला फोन लावला आणि म्हणालो, मी येतो, पण आईऐवजी ड्रायव्हरकाकांना आणतो. ती आधी हसली. मग कारण ऐकून म्हणाली, "बाबा, मग जुलैत या. त्याआधी घाट बर्फाने बंद असतात."

पुढचे तीन महिने मी कागद गोळा करत विरारभर फिरलो. त्याचा पासपोर्ट, त्याचे फोटो, त्याच्या सह्या. प्रत्येक ठिकाणी मी पुढे आणि तो मागे. तो नाही म्हणाला नाही. हो म्हणाल्याचंही आता आठवत नाही, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. निघताना त्याच्या बायकोने माझ्या हातात थेंबांच्या बाटल्या आणि वेळा लिहिलेला कागद दिला. म्हणाली, "भावजी, त्यांना हाताला धरून न्या." म्हटलं वहिनी, पहिल्यांदा विमानात बसतोय म्हणून काळजी करताय. हातात सुकेळ्यांचे, आमच्याकडच्या वाळवलेल्या केळ्यांचे, चार पुडे घेतले आणि निघालो.

तिकडची एक गोष्ट मला पहिल्या दिवशीच आवडली. एक पास काढला की आगगाडी, बस, तलावातली बोट, सगळ्याला तोच चालतो. मुलीने दोघांचे पास माझ्या हातात दिले. मी ते शर्टाच्या खिशात, जिथे एके काळी तिकिटाचा पंच असायचा तिथे ठेवले, आणि खरं सांगतो, रिटायर झाल्यानंतर पहिल्यांदा मला नीट कपडे घातल्यासारखं वाटलं. बोट लागते त्याच धक्क्याच्या पाठीमागे बस उभी. बस सोडते तिथेच आगगाडी. घड्याळ बघून हे लोक गाड्या सोडतात की गाड्या बघून घड्याळं लावतात, असा प्रश्न पडावा. मी प्रत्येक स्टँडवर वेळापत्रक वाचत उभा राहायचो आणि ड्रायव्हर माझ्या पिशवीचा पट्टा धरून शेजारी. मी म्हणायचो, अरे, पळून जात नाही मी.

बसमध्ये मात्र पहिल्या दिवशी गंमत झाली. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून ड्रायव्हर डावीकडे बसतो. मी आमच्या ड्रायव्हरला त्या ड्रायव्हरच्या पाठची सीट दाखवली. तो ऐकेना. तो सरळ उजवीकडच्या पहिल्या सीटवर जाऊन बसला. आपल्याकडे ड्रायव्हर बसतो ती बाजू. समोर मोठी काच, मांडीवर दोन्ही हात, पाठ ताठ. वळण आलं की त्याचा उजवा पाय खाली दाबला जायचा. समोरून दुसरी बस आली की तिकडचे ड्रायव्हरही आपल्यासारखेच स्टिअरिंगवरची बोटं उचलून एकमेकांना रामराम करतात, आणि आमचा इकडून हात वर करायचा. त्या ड्रायव्हरांपैकी दोघांनी तरी गोंधळून त्यालाही हात केला. मला इतकं बरं वाटलं म्हणता! म्हटलं, आपलं येणं सार्थकी लागलं.

पण घाटाचा योग येईना. सतत ढग. मुलगी रोज सकाळी फोनवर हवामान बघायची आणि मान हलवायची. वर जाऊन काही दिसणार नाही बाबा, आज तलावावर जा. मग आम्ही तलावावर जायचो. एका काठाहून दुसऱ्या काठाला, एका गावाहून दुसऱ्या गावाला. छोटी छोटी गावं, प्रत्येकाला आपला धक्का, धक्क्यावर फुलांच्या कुंड्या, पाठी चर्च, चर्चच्या पाठी गवताचे उतार. आमच्या वसईकडे चर्चं कमी नाहीत, पण ती माडांत लपलेली. ही उघड्या गवतात उभी होती. मी ड्रायव्हरला दाखवत राहायचो. ते बघ, लाकडाचं घर. ती बघ गाय, गळ्यात केवढी घंटा. ते बघ, ढग फाटलाय, बर्फ दिसतंय, अरे तिकडे नाही, वर! तो माझ्या बोटाच्या दिशेला तोंड करायचा आणि म्हणायचा, "हां. बरा हाय."

बरा हाय! मी इतक्या लांब आणलं आणि हा आपला भाताच्या खाचरावरून उठून आल्यासारखा म्हणतोय बरा हाय. तीन-चार दिवसांनी मला राग यायला लागला. मी बायकोला फोनवर म्हणालोही, की ह्याला काही कौतुकच नाही. बायको म्हणाली, तुम्ही तोंड बंद ठेवा म्हणजे त्याला सुचेल. मग मी आणखी मोठ्याने दाखवायला लागलो. दिवस संपत चालले होते, त्याच्या डोळ्यांतलं रोज थोडं थोडं जात होतं, आणि तो घाट काही पदरात पडत नव्हता. रोज थेंब घालताना मी त्याची पापणी उघडून धरायचो. तेव्हा त्या डोळ्यात बघायचंही मी टाळायचो.

सातव्या दिवशी आम्ही तलावाच्या वरच्या डोंगरातल्या एका गावाला निघालो. त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. गाव रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेलं, घरामागे घर, आणि बसचे थांबेच आठ-दहा. मुलीने कागदावर आमच्या थांब्याचं नाव लिहून दिलं होतं. तिथे उतरलं की बाक आहे आणि बाकावरून अख्खा तलाव दिसतो. चढ सुरू झाला. गाडीत आम्ही आणि एक म्हातारी. पुढच्या पट्टीवर थांब्यांची नावं उमटत होती. आमचं नाव उमटलं. मी पिशवी आवरली, सुकेळ्यांचा पुडा आत टाकला, टोपी घातली. आणि आमच्या डोळ्यांदेखत थांबा मागे गेला.

ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, घंटी का नाय दिली?"

त्या गाडीत दर दोन सीटमागे दांड्यावर लाल बटण होतं. उतरायचं असेल त्याने दाबायचं. हे मुलीने मला सांगितलं होतं, मी इतरांना दाबताना सात दिवस बघतही होतो. पण माझा हात उठला नाही. अठ्ठावीस वर्षं मी घंटीच्या दोरीला हात लावणाऱ्या पॅसेंजरांना झापलंय. एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायची, आणि दोन्ही द्यायचा हक्क एकट्या कंडक्टरचा. एकदा एका लग्नाच्या वऱ्हाडातल्या मामाने हौसेने दोरी ओढली तर मी त्याला पुढच्या फाट्यावर उतरवायला निघालो होतो. तो मी, इथे पॅसेंजर होऊन, घंटी द्यायची?

"मी इथे पॅसेंजर आहे," मी म्हणालो. "तू का नाही दाबलंस?"

"मी? ड्रायव्हरनी कवा घंटी दिली काय? पास कोनाकडं हायत, तुझ्याकडं. मंग मास्तर तूच."

शेवटी म्हातारीने तिच्या घरापाशी बटण दाबलं तेव्हा तिच्या मागोमाग आम्ही उतरलो. चांगले दोन किलोमीटर पुढे आलो होतो. परत जायला बस तासाने. म्हटलं, चल, पायी जाऊ, उतार आहे. मी चिडलेला होतो, स्वतःवरच, त्यामुळे झपझप पुढे निघालो. ड्रायव्हर पट्टा धरायच्या आत मी दहा पावलं पुढे होतो. पाठून आवाज आला म्हणून वळलो, तर तो रस्त्याकडेच्या दगडाला अडखळून गुडघ्यावर बसला होता. दगड चांगला गुडघ्याएवढा आणि पांढरा रंगवलेला. मी त्याला उठवलं आणि म्हणालो, बघून चाल ना जरा. तो म्हणाला, "ह्या तुझ्या बुटांनी सगला घोटाला." बूट मीच त्याला घ्यायला लावले होते.

बाकापाशी आलो तोवर धुकं खालून चढत चढत अगदी कठड्यापर्यंत आलं होतं. तलाव नाही, डोंगर नाही, समोरचं झाडही नाही. पांढरं सगळं. मी अगदी रडायच्या बेतात आलो. इतकी वणवण करून एक थांबा चुकला आणि त्यात हे. मी बाकावर बसलो. पिशवीचा पट्टा चाचपत तो शेजारी बसला. त्याने समोर तोंड केलं, थोडा वेळ गेला, आणि मग माझ्या समाधानासाठी, मला आता कळतं, अगदी मनापासून म्हणाला,

"काय तलाव हाय रे मास्तर! पानी बघ कसा निला."

मी त्याच्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. पुन्हा त्याच्याकडे. 

"ड्रायव्हर," मी म्हणालो, "समोर धुकं आहे. काहीच दिसत नाहीये. मलासुद्धा."

 खालून कुठून तरी गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या. मग तो हसला आणि म्हणाला, "पकडलास."

मी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. उजवा डोळा आम्ही कागद गोळा करत होतो तेव्हाच गेला होता. डाव्यात मधोमध एक भोक राहिलं होतं. "नलीतून बघतो तसा. जवलचा दिसतो. एका टायमाला येवढा." त्याने हाताने बशीएवढं दाखवलं. लांबचं सगळं मिटलेलं. डोंगर, तलाव, लाकडाची घरं, मी ओरडून ओरडून दाखवलेलं बर्फ, यातलं काही त्याला दिसलं नव्हतं. मग समोरच्या बसला हात कसा करायचास? "मोठी गाडी जवल आली का वारा कलतो. काच हलते. त्याला डोले कशाला पायजेत?"

"आणि हे तू मला निघायच्या आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. खरोखर ओरडलो, तिथल्या त्या शांततेत.

"तू माझ्या कागदासाठी तीन महिने रांगेत उभा र्‍हायलास. किती खुशीत व्हतास. तुना काय सांगू, का आता उशीर झाला म्हनून?"

"मी सात दिवस तुला डोंगर दाखवतोय!"

"आनि मी सात दिवस बघतोय. दोघांचाबी काम झाला का नाय?"

मला हसू आलं नाही. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणाचा हे कळत नव्हतं. तासाने बस आली. ती थांबवायला मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिलो. त्या बसच्या ड्रायव्हरने काच सरकवून त्यांच्या भाषेत मला बरंच काही सुनावलं. मी त्याला मराठीत सुनावलं.

घरी आल्यावर मुलीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, काकांनी असं करायला नको होतं. ती भाजी चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "बाबा, तुम्ही काकांना एकदा तरी विचारलंत, की तुम्हाला यायचंय का?"

मी एक एक आठवायला लागलो. पासपोर्टच्या वेळी विचारलं होतं? व्हिसाच्या? डॉक्टरांच्या कागदाच्या वेळी? मी त्याला तारखा विचारल्या होत्या, फोटो मागितले होते, बुटाचा नंबर विचारला होता. एवढं एक विचारलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी उठून भांडी विसळायला लागलो. भांडी आधीच विसळलेली होती.

नवव्या दिवशी ढग गेले. आमचा शेवटून दुसरा दिवस. मी अंथरुणातच म्हणालो, आज आपण इथेच तलावाकाठी बसू. ड्रायव्हर कपडे घालून तयार होता. "घाटाला जायचा हाय ना? चल मंग." मी म्हणालो, अरे पण. "पन काय? तुझा पन इथंच ठेव. मना घाटात जायचा हाय. आता मी सांगतो, मना जायचा हाय."

मायरिंगेन नावाच्या गावाहून पिवळी बस ग्रिमसेलच्या घाटाला लागली. ड्रायव्हर उजवीकडच्या पहिल्या सीटवर आणि मी त्याच्या शेजारी. मी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. पहिल्या वळणाला गाडीने भोंगा दिला. तीन सुरांचा, गोड. आंधळ्या वळणाआधी तो द्यायची तिथे पद्धत आहे. ड्रायव्हरची पाठ ताठ झाली. थोड्या वेळाने त्याने डोळे मिटूनच घेतले.

"गिअर आपला आपन बदलतो," तो म्हणाला. "सोपा हाय ह्यांचा."

मग म्हणाला, "कोन चालवतो? बाई हाय का?"

मी वाकून बघितलं. स्टिअरिंगवर चाळिशीची एक बाई होती. "हो. तुला कसं कळलं?"

"चढताना दोनदा घसा साफ केला तिनी. पन हात बघ किती नरम हाय. एकदा पन धक्का नाय."

आणि मग आमचा घुम्या ड्रायव्हर बोलत सुटला. बावीस वर्षांत घाटात जो एक शब्द बोलला नव्हता तो. आता डावा, मोठा हाय, पूर्न फिरवंल बघ. आता पानी हाय बाजूला, गार वारा आला. आता मोकला झाला, दरी माझ्या अंगाला. समोरनं मोटार आली, आपली थांबली, खालच्यानी वाट द्यायची का वरच्यानी? मी फक्त हो-हो म्हणत होतो. प्रत्येक वळण बरोबर. एकदा मी म्हणालो, सरळ आहे, आणि गाडी वळली. मी समोर डोळे फाडून बसलेलो आणि माझंच चुकलं.

वर पोचलो तेव्हा बस थोडा वेळ थांबली. आम्ही उतरलो. ऊन कडक, हवा बोचरी, आणि रस्त्याच्या कडेला बर्फाचा थर अजून शिल्लक, त्यावर ऊन पडून डोळे दिपत होते. ड्रायव्हर माझ्या दंडाला धरून कठड्यापर्यंत आला आणि माझ्याकडे तोंड करून अगदी जवळ उभा राहिला.

"हां, मास्तर. आता सांग काय काय हाय."

मी सांगायला लागलो. म्हणालो, समोर डोंगर आहेत. बर्फ आहे. खाली रस्ता आहे. आणि थांबलो. मला पुढे सांगता येईना. डोंगर किती? कसे? रस्ता कुठून कुठे जातो? मी बघितलंच नव्हतं. आल्यापासून नऊ दिवस मी जिथे जिथे बोट दाखवलं तिथे स्वतः नीट बघितलंच नव्हतं, मी बोट दाखवून लगेच ह्याच्या तोंडाकडे बघायचो, की ह्याला दिसलं का, आवडलं का. माझे डोळे शाबूत, आणि मीही काही न बघता परत निघालो होतो.

"बोल की," तो म्हणाला.

मग मी बघितलं. एक एक करून, हळू. डावीकडचा टोकदार डोंगर, त्याच्या खांद्यावर बर्फाची पट्टी. तिच्याखाली काळा खडक, ओला. खडकाखाली छोटं तळं, त्यात अजून बर्फाचा तुकडा तरंगतोय. रस्ता त्या तळ्याला वळसा घालून खाली उतरतो, मग दिसेनासा होतो, मग खूप खाली पुन्हा दिसतो, दोऱ्यासारखा. वळणं मोजली, सहा. त्यावरून एक पिवळी बस चढत होती, ती कोणत्या वळणावर आहे ते मी त्याला सांगत राहिलो. सांगता सांगता मला रडू फुटलं. आवाज मी धरून ठेवला, पण डोळे पुसले नाहीत. आजूबाजूचे लोक आपापले फोटो काढत होते आणि ह्याला काय दिसणार होतं? बस वर येईपर्यंत मी बोलत होतो आणि तो हूं हूं करत होता. मग आमच्या गाडीचा भोंगा झाला.

या गोष्टीला दोन वर्षं होत आली. गेल्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या डोळ्यातलं ते मधलं भोकही मिटलं. आता तो चंदनसारला मुलाकडे असतो. मी आठवड्यातून दोनदा विरारला पूल ओलांडून पूर्वेला जातो आणि रिक्षाने त्याच्याकडे पोचतो. वहिनी चहा टाकतात. तो म्हणतो, "हां, चल, गाडी काढ." मग आम्ही मायरिंगेनहून निघतो. मी सांगतो आणि तो ऐकतो, कधी मी एखादं वळण विसरलो की तो थांबवतो आणि मला मागे नेतो. वहिनींना आता तो घाट पाठ झालाय.

परवा असेच वर पोचलो आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "खरं सांग ड्रायव्हर. तिथे वर तुला काहीच दिसलं नाही का रे? थोडं तरी?"

 हातातला कप त्याने चाचपून खाली ठेवला.

"दिसला ना. तू दिसलास. डाव्यात जेवढा उरला व्हता, त्यात बरोबर तुझा तोंड बसला. बर्फाचा उजेड पडला व्हता त्याच्यावर. रडत व्हतास तू, येड्यासारखा."

मी माझा कप खाली ठेवला.

"मना डोंगर बघायचाच नव्हता, मास्तर," तो म्हणाला. "बावीस वर्सं गाडीत तू माझ्या पाठी व्हतास. येवढा टाइम तुना समोरनं कवा बघितला मी?"